हिंगूळ शिंगाला, पत्री खुराला

आपल्या सातारा-सांगलीकडे आषाढात बेंदूर येतो. बेंदराच्या दिवशी बैलाचा थाट काय सांगावा! सकाळी त्याला ओढ्यावर नेऊन धुतात. शिंगे साळून त्यांना हिंगूळ लावतात. शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. दिवसभर बैल नवरदेवासारखा मिरवतो. घरधनीण त्याला पुरणपोळी भरवते.

दुसऱ्या दिवशी झूल उतरते. घुंगरमाळ खुंटीला जाते. बैल औताला लागतो.

पण बैलावरचा आणखी एक खर्च असतो. तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. बैल ऊस ओढणार असेल, डांबरी सडकेवर चालणार असेल, तर त्याच्या खुरांना पत्री ठोकावी लागते. पत्री खाली असते. तिच्याकडे कुणी पाहत नाही. हिंगूळ उडाले म्हणून बैल लंगडत नाही. पत्री निघाली की मात्र दोन दिवसांत लंगडतो.

आता गावात बैल कमी झाले. गोठ्याच्या जागी मोटारसायकल उभी असते. दुधाची किटली तीच नेते. खताची पिशवी तीच आणते. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर तीच. म्हणजे ती घरातले जनावरच झाली. मग तिच्यावरचा शिंगाचा खर्च कोणता आणि खुराचा कोणता, हे आज पाहू.

हा धडा मला एका बाईंनी सुचवला. त्या आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. वय पन्नाशीच्या आसपास. त्यांचे गाव कोरेगाव तालुक्यात. नाव काही सांगत नाही. आपण त्यांना काकी म्हणू.

गेल्या साली काकी आठ दिवस वर्गाला आल्या नाहीत. नवव्या दिवशी आल्या, तर डावा हात प्लॅस्टरमध्ये. मी विचारले, "काकी, हे काय झाले?"

"गाडीवरनं पडले, गुरुजी. रहिमतपूरच्या बाजाराला निघालो हुतो. पदर चाकात गेला."

"चाकात कसा गेला? साडीगार्ड नव्हते का?"

"हुतं की. पोरानं काढून टाकलं. म्हनला, गाडी बायकी दिसती."

बाकीच्या बाया हसल्या. काकी हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. दुकानदाराची पावती होती, हाताने मराठीत लिहिलेली. म्हणाल्या, "ऊसबिलातनं पोरानं गाडीला साज केला. किती पैसं गेलं ते घरात कुनी सांगंना. आज मी ही पावती सोता वाचनार. चुकलं तर सांगा."

आणि त्या बोट ठेवून वाचू लागल्या. मी फळ्यावर आकडे लिहीत गेलो. सायलेन्सर, ४,५०० रुपये. जादा दिवे, २,२००. मागचे रुंद टायर, ३,८००. हँडल आणि आरसे, १,३००. पुढचा लोखंडी गार्ड, १,६००. सीट, १,२००. स्टिकर, ९००. बसवण्याची मजुरी, ७००. बेरीज वर्गानेच केली. १६,२०० रुपये झाले.

एक जण म्हणाले, "टनाला तीन हजार धरलं, तर पाच टनांच्या वर ऊस गेला की!"

बरोबर आहे. १६,२०० ला ३,००० ने भागा. पाच टन चारशे किलो येतात. पाच टन ऊस म्हणजे किती पाणी, किती खत, किती रात्रींची मोटर, हे वर्गात कुणाला सांगावे लागले नाही.

आधी एक गोष्ट सांगतो. काकींचा मुलगा उनाड नाही. पहाटे चारला उठून तो दूध गोळा करतो. रोज चाळीस किलोमीटर गाडी मारतो. विशी-बाविशीतल्या पोराला आपली गाडी चार गाड्यांत उठून दिसावी असे वाटले, तर त्यात पाप काय? आपणही बेंदराला बैल सजवतोच. पण बेंदूर वर्षातून एक दिवस. हा साज बारा महिने अंगावर राहतो. आणि बैलाला सजवताना त्याच्या खुराची पत्री काढून कुणी शेंबी घेत नाही. इथे तसे झाले. साडीगार्ड गाडीबरोबरच आले होते. त्याला वेगळा पैसा पडला नव्हता. ते काढले आणि पैसे मोजून स्टिकर लावले.

साडीगार्ड ही काही कंपनीची हौस नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्या माणसाला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकलेला हवा, असे तो सांगतो. आपल्याकडच्या बाया एका अंगाला बसतात. पदर, ओढणी, लेकराचे दुपटे, सगळे चाकाच्या बाजूला लोंबते. फिरत्या आऱ्यांत पदर गेला की तो दोरीसारखा गुंडाळतो आणि माणसाला खाली खेचतो. काकींची गाडी चढाला होती, वेग कमी होता. म्हणून मनगटावर निभावले.

आता सायलेन्सर घेऊ. पावतीतला सर्वांत मोठा आकडा त्याचा होता.

इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो. गाडी वेगात असली म्हणजे मिनिटाला दोन-दोन हजार भडके उडतात. प्रत्येक भडक्याचा धूर जोराने बाहेर येतो. तो तसाच सोडला तर बंदुकीसारखा आवाज होईल. म्हणून सायलेन्सरमध्ये कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. धूर त्यांतून वळसे घेत येतो, त्याचा जोर मोडतो, आवाज बसतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ नियमाच्या निघतात. त्यांच्या धुराच्या वाटेवर एक जाळी असते. ती विषारी वायू कमी करते. शिवाय धुरात प्राणवायू किती उरला हे मोजणारे एक यंत्र असते. ते यंत्र गाडीच्या छोट्या संगणकाला सांगते, आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचे ते ठरते.

बाजारचा मोकळा सायलेन्सर लावला की हा सगळा मेळ बिघडतो. पोरांना वाटते, आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली. तसे नसते. शर्यतीच्या गाड्यांना वेगळे सायलेन्सर लावतात, हे खरे. पण तिथे इंजिनही त्या मापाने जुळवलेले असते. नुसता सायलेन्सर बदलून दुधाच्या गाडीला पडला तर नावापुरता फरक पडतो. जास्त पडतो तो शेजाऱ्याच्या झोपेत. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त केले आणि रोडरोलरखाली घालून चपटे केले.

कायद्याचेही ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की कंपनीने गाडी जशी बनवली आणि नोंदवहीत ती जशी लिहिली, त्यात मालकाने मनाने बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच साली कायदा दुरुस्त झाला. आता नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे त्यात लिहिलेले आहे. आणखी एक. तारा तोडून दिवे जोडले, सायलेन्सर बदलला, आणि पुढे इंजिनात किंवा वायरिंगमध्ये बिघाड झाला, तर कंपनी हमी नाकारू शकते. पावतीवर ही रक्कम लिहिलेली नसते. ती मागून येते.

मागून येणारा दुसरा खर्च पेट्रोलचा. काकींचा मुलगा स्वतःच म्हणाला, आधी गाडी लिटरला पंचावन्न जायची, आता सत्तेचाळीस जाते. रुंद टायर जड असते, रस्त्याला जास्त घासते. त्यात पेट्रोलचा मेळ बिघडलेला. रोज चाळीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे बारा हजार किलोमीटर. पंचावन्नने २१८ लिटर लागतात. सत्तेचाळीसने २५५. फरक ३७ लिटरचा. हिशेबाला सोपे म्हणून लिटरला शंभर रुपये धरू. वर्षाला ३,७०० रुपये झाले. साज एकदा घेतला आणि भाडे दरसाल भरतो आहे, असा हा प्रकार.

दिव्यांचे मात्र मी सरसकट वाईट म्हणणार नाही. उसाच्या हंगामात रात्री वाळवा, कराड, पलूसकडच्या रस्त्याने जाऊन पाहा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. ऊस बाहेर आलेला. मागे दिवा नाही. कुठे चाक निखळले म्हणून ट्रॉली रस्त्यातच उभी. अशा वेळी आपल्याला लांबचे दिसावे असे कुणालाही वाटेल. पण जादा लावलेला पांढरा झगझगीत दिवा आपल्याला दाखवतो आणि समोरच्याला आंधळा करतो. समोरचा आंधळा झाला की तो कुठे येणार? आपल्याच अंगावर. कंपनीच्या दिव्याची काच धुळीने माखली असेल तर पुसा. दिवा आभाळाकडे पाहत असेल तर खाली करून घ्या. यास पैसा लागत नाही. आणि ट्रॉलीवाल्यांनी मागे लाल चमकपट्टी चिकटवावी. एका ट्रॉलीला स्टिकरच्या पावतीइतकेही पैसे लागत नाहीत. दिव्याचा उजेड पडला की ती लांबून लखलखते. माझ्या मते सबंध ऊसपट्ट्यात याहून स्वस्त आणि याहून कामाचा साज दुसरा नाही.

नंबरपाटीची हौस आपल्या भागात फार. इंग्रजी चार आणि एक असे वाकवतात, की ४१४१ चे 'दादा' होते. एमएच ११ म्हणजे सातारा, ५० म्हणजे कराड, १० म्हणजे सांगली. गाडी कुठली ते पाटीवरून कळावे, म्हणून तो नंबर. दादा म्हणून कळण्यासाठी नव्हे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला सरकारी छापाची पाटी लावूनच मिळते. त्याआधीच्या गाड्यांनाही तशी पाटी लावून घेणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. 'दादा'वाल्या पाटीचे पैसे आता पाण्यात.

पुढच्या लोखंडी गार्डाबद्दल वर्गात वाद झाला. गाडी आडवी पडली तर पाय वाचतो, असे काही जण म्हणाले. साधा, पायापुरता गार्ड असेल तर ते खरे आहे. सीट कंबरेला बरे वाटत असेल तर तेही घ्यावे. त्यावर वेळ घालवत नाही.

मग महाग वस्तू घेऊच नये का? असे मी म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यांतली एक गोष्ट सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते लोखंडी नांगर करू लागले. शेतकरी तो घेईनात. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई. मग लोखंडी कशाला? शिवाय लोखंडाने जमिनीत विष उतरते, असे लोक म्हणत. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. हळूहळू तोच नांगर घरोघर गेला. कारण तो खोल जाई आणि टिके. वस्तू महाग होती, पण पैसा फाळात होता.

साताऱ्यातही अशी आठवण आहे. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली स्थापन झाली आणि साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनू लागली. त्या काळी स्कूटर मिळायला नंबर लावून थांबावे लागे. मिळालेली गाडी लोक जिवापाड जपत. तिला साज म्हणजे एखादे जादा चाक आणि सीटचे कव्हर. ते चाक रस्त्यात कामाला येई.

आज मोटारसायकलीवर खुराचा खर्च म्हणजे पहिले हेल्मेट. हो, ते महाग वाटते. चांगले घ्यायचे तर हजार-दीड हजार जातात. ज्याने सोळा हजारांचा साज केला, त्याच्याकडे हेल्मेट रस्त्याकडेला घेतलेले होते, दीडशेचे. हेल्मेटच्या वरच्या कवचाखाली थर्मोकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटले की तो थर दबतो आणि मार स्वतः खातो. दीडशेच्या टोपीत तो थर नावालाच असतो. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकावे. आतला थर दबलेला असतो, तो परत फुगत नाही. आणि पट्टा हनुवटीखाली लावलाच पाहिजे. नाहीतर पडताना हेल्मेट आधी उडते आणि डोके मागाहून आपटते. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २००८ साली एक हिशेब प्रसिद्ध झाला. अपघातात हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. टक्के म्हणजे शंभरातले. हेल्मेट नसताना जिथे शंभर जण दगावले असते, तिथे हेल्मेट असते तर त्यांतले बेचाळीस वाचले असते.

चांगले हेल्मेट ओळखायचे कसे? इथे तुमचे वाचणे उपयोगी पडते. हेल्मेटवर आयएसआयचे चिन्ह शोधा. चिन्हाच्या वर आयएस ४१५१ असा आकडा हवा. हेल्मेटसाठी ठरवलेल्या मापदंडाचा तो क्रमांक आहे. चिन्हाच्या खाली कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक हवा. तो नसेल तर नुसत्या चिन्हावर भुलू नका. चिन्ह कुणीही छापतो. १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट या चिन्हाविना विकायला बंदी आहे. आणि नवी मोटारसायकल घेताना तिच्याबरोबर असे एक हेल्मेट कंपनीने द्यावे, असा नियम आहे. ते मागून घ्या. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, तेव्हा दुसरे विकत घ्यावे लागेल.

नवी गाडी घेताना आणखी एक करा. दुकानदार एकच मोठी रक्कम सांगतो. त्याला म्हणा, "दादा, वेगवेगळं लिहून द्या." गाडी किती, विमा किती, नोंदणी किती, आणि जादा सामान किती. जादा सामान घ्यायची सक्ती नसते. काकी म्हणाल्या, "म्हंजे मुकाट अंगठा उठवायचा न्हाई, एकेक वळ वाचायची." तसेच.

दुसरा खुराचा खर्च टायरचा. गाडी रस्त्याला टेकते ती हाताच्या पंजाएवढ्या दोन जागांवर. ब्रेक कितीही चांगला असो, टायर गुळगुळीत असले की गाडी पावसात घसरणारच. कंपनीने सांगितलेल्या मापाचेच टायर घ्या. हवा किती भरायची, ते गाडीवरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तकात लिहिलेले असते. टायरच्या अंगावर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. आकडे इंग्रजी वळणाचे असतात, पण ते तुम्ही मोबाइलवर रोज पाहता. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२४ असेल, तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात ते टायर बनले. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले टायर नवे म्हणून गळ्यात मारले जात असेल, तर हे चार आकडे दुकानदाराचे पितळ उघडे पाडतात.

त्या रात्री वर्ग सुटल्यावर सगळे जण बॅटऱ्या घेऊन बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची टायरे वाचत बसले होते. एका आबांच्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे निघाले. "नातवापेक्षा थोरलं हाय की!" आबा म्हणाले.

काकींच्या मुलाला मी काही बोललो नाही. बोलायचे ते आईच्या प्लॅस्टरने बोलून झाले होते. पंधरा दिवसांनी त्याने साडीगार्ड परत बसवले. ते गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागे पडले होते. जुना सायलेन्सर सुदैवाने विकलेला नव्हता, तोही बसवला. रुंद टायर झिजेपर्यंत वापरू म्हणाला. ते ठीकच आहे. स्टिकर तसेच आहेत. टाकीवर मोठा वाघ आहे. काकींना तो आता आवडतो.

साडेचार हजारांचा सायलेन्सर घेऊन काकी स्वतः भंगारवाल्याकडे गेल्या. त्याने तो काट्यावर टाकला. पावणेदोन किलो भरला. काकींनी काट्यावरचा आकडा आधी वाचला आणि मगच पैशाला हात पुढे केला.